झाकणबाईंची नाडी

माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. ताटं घ्यायच्या आधी त्या मला बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि मी हात धूत असताना शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या.

"नखांखाली," त्या म्हणाल्या.

त्या माझ्याशी बोलल्या तो हा पहिला शब्द. मी घरी येऊन आईला म्हटलं, हे काही माझं निभत नाही. निभलं. आता चौदा वर्षं होतील.

त्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात अन्न निरीक्षक होत्या. हॉटेलं, खानावळी, बेकऱ्या, शाळांची आणि कारखान्यांची कॅन्टीनं, जिथे जिथे लोकांसाठी अन्न शिजतं तिथे न सांगता जाऊन उभं राहायचं हे त्यांचं काम. आत शिरल्यावर त्या मालकाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. सरळ ओट्यापाशी जायच्या आणि दिसेल त्या भांड्याचं झाकण उचलायच्या. आचाऱ्यांनी त्यावरून त्यांचं नाव 'झाकणबाई' पाडलं होतं. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की झाकणबाई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं मनातून आवडतही असावं.

झाकणाखाली काय काय सापडलं हे त्या रोज जेवताना सांगायच्या. डांबरासारखं काळंकुट्ट झालेलं तेल. पिठाच्या डब्यात उंदराच्या लेंड्या. आचाऱ्याच्या कापलेल्या बोटावरची पट्टी, सूपच्या पातेल्यात तरंगताना. माझा नवरा ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचा. मी बसून राहायचे. त्या हे मजा म्हणून सांगत नसत. त्यांना खरोखर शिसारी यायची, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतरही, पहिल्या दिवसाइतकी ताजी. "ज्या दिवशी मला काही वाटेनासं होईल त्या दिवशी मी राजीनामा देईन," त्या म्हणायच्या.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच. त्रास सुरू झाला तेव्हा सासूबाईंचं वय छप्पन्न. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू, साखर नुकतीच वाढायला लागलेली. बाकी तब्येत ठणठणीत. तीन जिने चढून कोणाच्या तरी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावून यायच्या आणि धाप मालकाला लागायची.

एका रविवारी सकाळी त्या आमचा फ्रिज पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या आणि तिथेच स्टुलावर बसल्या. फडकं हातातच. चेहरा असा, की जणू फ्रिजच्या मागे काहीतरी मेलेलं सापडलंय.

"काय झालं आई?"

"काही नाही."

"पाणी देऊ?"

"अगं, काही नाही म्हटलं ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सिंकच्या जाळीत झुरळ अडकतं ना? पाय झाडतं, फडफडतं, मरत पण नाही. तसं होतंय. इथे." आणि त्यांनी फडकं धरलेल्या हातानेच छातीकडे बोट केलं.

चौकशी केल्यावर कळलं की हे पहिल्यांदा नव्हतं. महिन्यापूर्वी एका बेकरीत थर्मामीटर वाचायला वाकल्या तेव्हा झालं होतं. मग एकदा जिन्यात. बाईंनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. बेकरीवाल्याने खुर्ची पुढे केली तर त्याला म्हणाल्या, खुर्चीचं राहू द्या, आधी त्या यीस्टची तारीख दाखवा.

आम्ही त्यांना घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा आलेख काढला. आलेख स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, धावपळ आहे, थोडा गॅसही असेल, टेन्शन घेऊ नका. बाहेर पडल्या पडल्या सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"त्याच्या शर्टावर चहाचा डाग होता, बघितलास? टेबलावर इतकी धूळ की बोटाने नाव लिहावं. आणि नाडीला हात तरी लावला का त्याने? मी इतका वेळ समोर बसले, त्याने साधं झाकणसुद्धा उचललं नाही माझं!"

मला हसू आलं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जो त्रास येतो नि जातो, तो डॉक्टरांसमोर बसलेल्या त्या दोन मिनिटांत हजर असेलच असं नाही.

मग त्यांनी तेच केलं जे त्या कुठल्याही संशयास्पद स्वयंपाकघराबद्दल करायच्या. वही घातली. तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होते, किती मिनिटं चाललं, चक्कर आली का, धाप लागली का. सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. वही बघून त्यांनाच एक गोष्ट लक्षात आली. अकरापैकी सात वेळा त्यांनी सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलेलं नव्हतं. बाहेरच्या कुठल्याही पेल्याला त्या तोंड लावत नसत, बाहेरच्या संडासात पाऊल ठेवत नसत, त्यामुळे घरून निघताना मुद्दामच पाणी प्यायच्या नाहीत. शहरातली घाण अशी त्यांच्या अंगात शिरली होती, एक थेंब आत न जाता.

वही घेऊन आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाई होत्या, चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आमच्या देखत हात धुऊन आल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "असं लिहून आणणारी माणसं मला वर्षातून दोन भेटतात." मग त्यांनी नाडी धरली. पुरतं एक मिनिट. मग सासूबाईंना स्वतःची धरायला शिकवली. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन बोटं. अंगठा लावायचा नाही, त्याची स्वतःची धडधड मध्ये येते. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तो हिशेब चुकतो. मिनिटभर मोजायचं, आणि मोजताना ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का तेही बघायचं.

एक छोटं यंत्र त्यांच्या छातीला वायरी चिकटवून दोन दिवस लावून ठेवलं. त्या दोन दिवसांत मी जे ऐकलं ते छापण्यासारखं नाही. डिंकाने कातडीवर चौकोनी लाल चट्टे उठले. घाम आला की वायरींखाली खाज सुटायची. "मी माणूस आहे का पाकीट, लेबलं डकवायला?" तरीही दोन्ही दिवस त्या कामावर गेल्या. एका हॉटेलवाल्याने पदराखालून दिसणारी वायर बघितली आणि त्याला वाटलं खात्याने आता छुपे कॅमेरे दिलेत. त्याने घाबरून स्वतःच फ्रिज उघडून सगळं शिळं बाहेर काढलं म्हणे.

यंत्राने पकडलं. दोन दिवसांत पाच वेळा ठोके बिघडले होते. त्यातल्या दोनच सासूबाईंना जाणवल्या होत्या. एकदा तर पाऊण तास चाललं होतं आणि त्या वेळी वहीप्रमाणे त्या निवांत बटाटे सोलत होत्या.

हे त्यांच्या फार मनाला लागलं. त्रास होतो तो एक वेळ ठीक. पण आपल्या आत, आपल्याला न कळवता?

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौकोन काढून समजावलं. हृदयाचे चार कप्पे. वरच्या दोन कप्प्यांनी एका तालात आवळायचं असतं. सासूबाईंचे वरचे कप्पे मधूनमधून आवळायचं सोडून नुसते थरथरत होते. "थरथरल्याने माणूस लगेच मरत नाही. खरी काळजी वेगळी आहे. वरच्या कप्प्यातलं रक्त पूर्ण पुढे ढकललं जात नाही. थोडं तिथेच रेंगाळतं. रेंगाळलं की गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात."

"म्हणजे तुंबलेली मोरी," सासूबाई म्हणाल्या.

"हो, म्हणा."

"पाणी तुंबलं की त्यात घाण धरतेच." त्यांनी ओठ असे आवळले की जणू वास आला. "आणि ही मोरी मी घेऊन फिरतेय."

थायरॉइडची तपासणी झाली, हृदयाची सोनोग्राफी झाली. गोळ्या मिळाल्या दोन. एक ठोक्यांचा वेग आवरायला आणि दुसरी रक्त पातळ ठेवायला, ती सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या गोळीवर बोट ठेवून तीनदा सांगितलं, "बरं वाटतंय म्हणून ही बंद करायची नाही. हिने तुम्हाला बरं वाटणारही नाही आणि वाईटही. ही जे होऊ नये त्यासाठी आहे. काही त्रास झाला तर मला फोन करा, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका."

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. बाटलीत घरचं पाणी न्यायला लागल्या, वेळेवर झोपायला लागल्या. मग निळे डाग सुरू झाले.

भाजीची पिशवी दंडावर घासली की तिथे टपोरा निळा डाग. टेबलाचा कोपरा लागला की मांडीवर जांभळा, कडेने पिवळा होत जाणारा. सकाळी दात घासले की बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. त्या बेसिनकडे बघत उभ्या राहायच्या. मी एकदा मागून गेले तर नळ सोडून पटकन धुऊन टाकलं. दुसऱ्यांच्या ओट्यावरची घाण दाखवायला त्यांना कधी लाज वाटली नव्हती. ही मात्र लपवायच्या. "नासक्या फळासारखी झालेय मी," एवढंच एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू या, मऊ ब्रश घेऊ या. "बघू," म्हणाल्या.

त्यातच त्यांची मोठी बहीण आली. आम्ही सगळे त्यांना मोठ्या मावशी म्हणतो. मावशींचा जीव बहिणीवर फार. त्यांनी दंडावरचे डाग बघितले आणि डोळ्यांत पाणीच आणलं. "हे औषध आहे का विष? रक्त पातळ करतात म्हणजे काय? रक्तात पाणी घालतात?" आणि पिशवीतून एक काचेची बरणी काढली. तपकिरी पूड. एका भल्या माणसाकडून आणलेली, झाडपाल्याची, शंभर टक्के नैसर्गिक, हिने त्यांच्या शेजारणीच्या दिराचं हृदय घड्याळासारखं चालू झालं होतं.

सासूबाईंनी बरणी हातात घेतली. मी वाट बघत होते की त्या आता विचारतील: लेबल कुठे आहे? बनवली कधी? कोणी? परवाना क्रमांक? एकतीस वर्षं जे प्रश्न त्यांनी परक्या माणसांना झोपेतून उठवूनही विचारले होते, त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. बहिणीच्या हातची होती ना.

"दुधातून घ्यायची?" त्या म्हणाल्या.

आता माझं सांगते. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी औषधांचा डबा आवरताना मला रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी दिसली. मागच्या आठवड्यात होत्या तितक्याच गोळ्या तिच्यात होत्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पट्टी होती तशी ठेवली आणि डबा बंद केला. मी तोंड उघडलं असतं तर घरात महाभारत झालं असतं, आणि त्या आठवड्यात मला माझ्याच ऑफिसची कटकट पुरेशी होती. मनात म्हटलं, मोठ्या आहेत, त्यांना कळतं. खरं म्हणजे मला भांडण नको होतं. बस्स. त्या पट्टीची आठवण आली की अजून मला माझाच वीट येतो.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी सासूबाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेल्या. तिथला आचारी म्हणजे त्यांचा जुना वैरी. आदल्या वर्षी त्यांनी त्याचं स्वयंपाकघर पंधरा दिवस बंद पाडलं होतं. पुढचं सगळं त्यानेच मला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं. जाडजूड माणूस, पन्नाशीचा, एप्रनसकट आलेला, अंगाला कांद्याचा वास.

"खोटं कशाला बोलू ताई, बाई आल्या की मी घड्याळावर नजर ठेवूनच असतो, की कधी जातील. सव्वानऊला आल्या. दोन पातेली बघितली, फ्रिज उघडला. मग फ्रिजकडे बोट करून काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. म्हटलं, काय मॅडम? परत बोलल्या. नुसतं लडबड, लडबड. हातातलं पेन पडलं. उचलायला गेल्या तर भलतीकडेच हात. मग माझ्याकडे वळल्या आणि मी बघितलं, तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. माझ्या वडलांचं अगदी असंच झालं होतं. आम्ही त्यांना झोपवलं, म्हटलं थकले असतील. दुपारपर्यंत झोपूच दिलं." त्याने एप्रनला हात पुसले. "तसं परत करणार नव्हतो."

त्याने घड्याळ बघितलं, नऊ वाजून पंचवीस. भाजी आणायचा टेम्पो दारातच उभा होता. कोबीची पोती खाली फेकून, टेम्पोत गोणपाट अंथरून त्याने बाईंना आडवं केलं, कुशीवर, आणि डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. जवळचं छोटं हॉस्पिटल सोडून त्याने टेम्पो थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायला लावला, जिथे मेंदूचा फोटो लगेच निघतो. तिथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, नक्की किती वाजता सुरू झालं? नऊ पंचवीस, आचारी म्हणाला. पक्कं? पक्कं. मी घड्याळाकडेच बघत होतो.

दुसरा प्रश्न त्यांनी मला फोनवर विचारला. रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली? आणि मला ते उत्तर माहीत होतं. चार आठवडे तरी झाले, मी म्हटलं. माझा नवरा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

वेळेत पोचल्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. संध्याकाळपर्यंत तोंड बरंचसं सरळ झालं. दुसऱ्या दिवशी शब्द परत यायला लागले, जड जिभेने, एकेक करून. आचारी भेटायला आला, हातात संत्री घेऊन. सासूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं आता आभार मानतील. ओठ जुळवायला त्यांना कष्ट पडत होते.

"फ्रिजचं... रबर... फाटलंय," त्या म्हणाल्या.

आचारी आधी हसला आणि मग कॉरिडॉरमध्ये जाऊन रडला.

घरी आल्यावर मात्र वाईट दिवस सुरू झाले. उजव्या हाताची दोन बोटं नीट चालेनात. बटण लावायला पाच मिनिटं. घास तोंडाच्या कडेने ओघळायचा, त्यांना कळायचा नाही, मग हनुवटी ओली लागली की कळायचा. त्या रुमालाने पुसून रुमालाकडे बघायच्या. मी इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर हजार तऱ्हेची किळस बघितली होती, पण ही नव्हती बघितली. ही स्वतःची होती, आणि ती हनुवटीपुरती नव्हती.

एका दुपारी मला म्हणाल्या, "ती बरणी आण."

मी आणली. अर्धी रिकामी झाली होती. त्यांनी वर्तमानपत्रावर पूड ओतली, चष्मा लावला आणि डाव्या हाताने चमच्याच्या टोकाने बाजूबाजूला करत बसल्या. मग एक बारीकसा काळा तुकडा वेगळा काढला. मग आणखी एक. मग पारदर्शक, पापुद्र्यासारखं काहीतरी.

"पाय," त्या म्हणाल्या. "हा पाय. हा पण पाय. आणि हा पंख." त्यांनी चमचा खाली ठेवला. "महिनाभर मी हे दुधातून प्याले. मी!"

आणि त्या उठून बेसिनपाशी गेल्या आणि ओकल्या. पूड बंद होऊन महिना उलटला होता, पोटात काही उरलेलं असणं शक्य नव्हतं. तरी ओकल्या. मी पाठीवर हात ठेवला. तेव्हाच मी त्यांना त्या पट्टीचं सांगितलं. मी मोजल्या होत्या, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

त्यांनी चूळ भरली. तोंड पुसलं. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "डबा तू वेगळ्या बाजूने ठेवला होतास." मग म्हणाल्या, "दोघी सारख्याच घाणेरड्या." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

पुडीचा नमुना त्यांच्या खात्याने रीतसर तपासला. तांदळाचं पीठ, कसलं तरी कडू मूळ आणि किडे. ज्या भल्या माणसाकडून ती यायची त्याची जागा म्हणजे एका गॅरेजमागचं गोदाम होतं. खात्याची माणसं गेली तेव्हा सासूबाई काठी घेऊन त्यांच्याबरोबर गेल्या, रजेवर असूनही. फरशीवर पसरलेल्या पुडीतून मांजराच्या पावलांचे ठसे गेले होते, आणि कोपऱ्यात मांजराने तेच केलं होतं जे मांजरं मातीत करतात. गोदामाला सील लागलं. तो माणूस मागच्या दाराने निघून गेला, आणि ऐकते की आता दुसऱ्या भागात गुडघ्यांसाठी काहीतरी विकतो.

मोठ्या मावशी पंधरा दिवस फोनवर रडत होत्या. "मी तुझ्या भल्यासाठीच गं..."

"भलं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तू अजून घेतेस का ती?"

"थोडीच उरलीय," मावशी म्हणाल्या.

"ओत संडासात. आत्ता. मी फोन धरून आहे. पाणी ओतल्याचा आवाज ऐकव."

चार महिन्यांनी त्या कामावर परतल्या. कॅन्टीनच्या आचाऱ्याची फाइल त्यांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या निरीक्षकाकडे दिली. "त्या माणसाने माझं डोकं मांडीवर घेतलंय. तिथे आता माझी नजर सरळ पडणार नाही." त्या दुसऱ्या निरीक्षकाने फ्रिजच्या रबरासाठी आचाऱ्याला नोटीस दिली. आचाऱ्याने सासूबाईंना चिडून फोन केला. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

गोळ्या आता त्या वेळ लावून घेतात. निळे डाग अजून पडतात. डॉक्टरीणबाईंना अखेर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ब्रश बदलायला लावला, हिरड्यांचा डॉक्टर दाखवला, रक्त तपासून गोळीचं प्रमाण बरोबर आहे याची खात्री केली. दहा मिनिटांचं काम. त्याच्यासाठी दोन बोटं गेली.

त्रास मात्र वाढत चालला होता. आठवड्यातून तीन-तीनदा झुरळ फडफडायचं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय सुचवला. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून हे चुकार ठोके सुरू होतात त्याच्या भोवतालची जागा डागायची.

"जांघेतून?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरा रस्ता नाही?"

"हाच चांगला रस्ता आहे."

"एवढा मोठा देह, आणि सगळ्यात ओंगळ दारातून आत जायचं." पण सही केली. डाव्या हाताने, कारण उजव्याने अजून वळण येत नव्हतं.

जमलं, बऱ्यापैकी. पूर्ण गेलं नाही. पहिले दोन महिने उलट वाढलं, ते होतं म्हणे, आतली जखम भरेपर्यंत. मग कमी होत होत दीड-दोन महिन्यांतून एकदावर येऊन ठेपलं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच आहे आणि चालूच राहणार. झालं की त्या असतील तिथे बसतात, पाणी पितात, दोन बोटं मनगटावर ठेवतात आणि एक मिनिट मोजतात. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास पुरेनासा झाला, तोंड-हात-जीभ वाकडी झाली तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा बाकावर आमच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे मास्तर बसले होते. नवीनच निदान झालेलं. मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ, आणि ते दर मिनिटाला त्यात बघत होते. बघितलं की चेहरा पांढरा पडायचा, मग पुन्हा बघायचे. सासूबाईंनी थोडा वेळ ते सहन केलं.

"काढा ते," त्या म्हणाल्या.

"अहो, पण कळायला नको का?"

"दिवसातून दोनदा कळलं की पुरे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि फडफडलं तर. दिवसभर घड्याळ चाटत बसलात तर त्यानेच धडधड होईल. गोळी लागलीय का रक्ताची?"

"लागलीय. पण ऐकलं की तिने..."

"डाग पडतात. पडू देत. रक्त थांबेना, डोक्याला मार लागला, काळी शी झाली, तर पळत या. बाकी डाग म्हणजे नुसते डाग." त्यांनी बाही वर करून दंडावरचा एक ताजा, वांग्याच्या रंगाचा डाग मास्तरांसमोर धरला. मास्तर जरा मागे सरकले.

"बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "याची सवय होते का हो हळूहळू?"

सासूबाईंनी बाही खाली केली.

"नाही होत," त्या म्हणाल्या. "मला तर दर वेळी किळसच येते." आणि त्यांचा नंबर पुकारला गेला, तशा काठी टेकत उठल्या आणि आत गेल्या.